राजवाड्याच्या दाराशी

सप्टेंबर 1199 चा शेवट. नाईलला पूर आलाय आणि फुस्तातच्या गल्ल्यांत ओल्या गाळाचा वास भरून राहिलाय. एका घराच्या बाहेरच्या खोलीत तुम्ही भिंतीला टेकून बसला आहात. खोलीत पाय ठेवायला जागा नाही. तुमच्या डाव्या हाताला एक काजी बसलेत, त्यांचा नोकर त्यांना वारा घालतोय. उजवीकडे एक हमाल आहे, दंडावर मोठं गळू आलेला. समोर एक बाई बसलीय, तिच्या मांडीवरचं पोर तापानं फणफणलंय. ज्यू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत. वैद्याचे जीवलग आहेत आणि त्याचं वाईट चिंतणारेही आहेत. दुखणं आलं की दोघांनाही याच दारात यावं लागतं.

दुपार कलते तेव्हा ते येतात. मोशे बेन मैमोन. युरोप त्यांना मैमोनिडीस म्हणेल, ज्यू परंपरा रामबाम. वय 61. तिथून दोनेक मैलांवरच्या कैरोत, सुलतानाच्या वाड्यात ते रोज पहाटे जातात. वाड्यात कुणी आजारी असेल, एखादं मूल, जनान्यातली एखादी स्त्री, एखादा अंमलदार, तर दिवसाचा बराच भाग तिकडेच जातो. कुणी आजारी नसलं तरी परतायला दुपार होते. ते जनावरावरून उतरतात, हात धुतात आणि खोलीभर पसरलेल्या तुम्हा सगळ्यांची माफी मागतात: दोन घास खाऊन येऊ द्या. चोवीस तासांतलं त्यांचं हे एकच जेवण.

मग एकेकाला तपासणं सुरू होतं. तुमची पाळी येईपर्यंत दिवेलागण होते. रात्र पडल्यावरही माणसं येत-जात राहतात. तोवर वैद्य थकून आडवे झालेले असतात. उताणे पडल्या पडल्या औषधं सांगतात, आणि रात्र वाढत जाते तसा त्यांचा आवाजही फुटेनासा होतो.

यातलं वैद्याच्या दिवसाचं वर्णन मी मनानं रचलेलं नाही. फ्रान्सच्या दक्षिणेला राहणाऱ्या शमुएल इब्न तिब्बोन या विद्वानाला त्यांनी याच महिन्यात एक पत्र लिहिलं. इब्न तिब्बोन त्यांच्या ग्रंथाचं हिब्रू भाषांतर करत होता आणि शंका विचारायला समुद्र ओलांडून येऊ पाहत होता. रामबामनी त्याला लिहिलं की अवश्य ये, पण माझ्याशी निवांत बोलायला तासभरही मिळेल अशी आशा धरू नकोस; आणि मग आपला दिवस कसा जातो ते सांगितलं. शनिवारी, शब्बाथच्या दिवशीही सुटका नाही. सकाळच्या प्रार्थनेनंतर सगळी मंडळी घरी येतात, समाजाच्या आठवड्याभराच्या गोष्टी ठरवतात, दुपारपर्यंत पठण चालतं.

तुम्ही या माणसाला एकच प्रश्न विचारायला आला आहात. ज्या देवाविषयी तुम्ही म्हणता की काहीच सांगता येत नाही, त्याच्या जवळ जायचं तरी कसं?

प्रश्न का पडतो ते आधी नीट पाहू. ज्या ग्रंथाचं भाषांतर चाललंय तो 1190 च्या सुमारास पुरा झाला. भाषा अरबी, लिपी हिब्रू, आणि नावाचा मथितार्थ असा की गोंधळात पडलेल्यांना वाट दाखवणारा. त्यात रामबाम देवाचं एकेक विशेषण पुसत जातात. देव शहाणा आहे म्हणालात, तर माणसाच्या शहाणपणाचं माप त्याला लावलंत. बलवान म्हणालात, तर एखाद्या मोठ्या मल्लाच्या रांगेत त्याला उभं केलंत. म्हणून तो काय नाही एवढंच सांगायचं: त्याला देह नाही, तो दोन नाही, त्याला कशाची गरज नाही. तालमुद या ज्यूंच्या धर्मचर्चेच्या ग्रंथातली एक जुनी गोष्ट ते इथे घेतात. एक जण रब्बी हनीनांच्या समोर प्रार्थना करताना देवाच्या स्तुतीची विशेषणं वाढवतच गेला. रब्बींनी त्याला संपेपर्यंत बोलू दिलं आणि विचारलं की झाली का सगळी स्तुती करून? ज्याच्या खजिन्यात सोन्याच्या लाखो मोहरा आहेत, त्या राजाची चांदीसाठी वाखाणणी केली तर तो त्याचा मान की अपमान?

हे वाचून पुष्कळांनी ठरवून टाकलं की रामबाम म्हणजे कोरडं तर्कशास्त्र. त्यांच्या देवाला हात लावता येत नाही, हाक मारता येत नाही. मला हे मत चुकीचं वाटतं, आणि ते का चुकीचं आहे हे त्या ग्रंथाच्या तिसऱ्या भागाच्या 51 व्या प्रकरणात लिहिलेलं आहे. चला, त्या प्रकरणातच शिरा.

एक राजा आपल्या राजवाड्यात आहे. त्याची प्रजा काही नगरात आहे, काही नगराबाहेर. नगरातल्या काहींची पाठ राजवाड्याकडे आहे आणि ते जितकं चालतात तितके लांब जातात. काहींना राजाकडे जायचंय, पण राजवाड्याची भिंतही त्यांनी अजून पाहिलेली नाही. काही भिंतीपर्यंत पोचलेत आणि दरवाजा शोधत तिच्याभोवती चकरा मारतायत. काही दारातून आत येऊन देवडीवर उभे आहेत. काही आतल्या चौकात, राजा आहे त्याच वास्तूत. आणि तिथे पोचल्यावरही राजा दिसतोच असं नाही. त्याला लांबून किंवा जवळून पाहण्यासाठी, त्याचं बोलणं ऐकण्यासाठी किंवा त्याच्याशी बोलण्यासाठी आणखी एक निराळा प्रयत्न लागतो.

आता कोण कुठे उभं आहे ते रामबाम सांगतात. ज्यांनी धर्मशास्त्र सगळं मुखोद्गत केलं, पण श्रद्धेच्या मुळाचा स्वतः विचार केला नाही, ते भिंतीभोवती चकरा मारणारे. हे लिहिणाऱ्यानं स्वतः ज्यू धर्मशास्त्राचा 14 खंडांचा संग्रह रचलेला आहे, हे लक्षात ठेवा. पुढे कित्येक रब्बींना हे वाक्य सहन झालं नाही. विचार करणारे, निसर्गाचं आणि तर्काचं ज्ञान मिळवणारे आत येतात, हे ते खुलेपणानं म्हणतात. पण ज्ञान तुम्हाला चौकात आणून सोडतं, आणि खरी उपासना तिथून सुरू होते. जे कळलं त्याच्यापाशी मन टिकवून धरायचं. हिब्रूत यालाच देवेकुथ म्हणतात, देवाला बिलगून राहणं. जितकं कळलं तितकंच प्रेम करता येतं, असं रामबाम मानतात. आपल्या धर्मशास्त्राच्या संग्रहात ते देवाच्या प्रेमाची तुलना एखाद्या स्त्रीच्या ध्यासानं झुरणाऱ्या माणसाशी करतात, ज्याला उठताबसता, खातापिता दुसरं काही सुचत नाही. कोरडं तर्कशास्त्र असं बोलत नाही.

मन टिकवायचं कसं, याचा अभ्यासक्रमही ते देतात, आणि तो वैद्यानं पथ्य सांगावं तसा आहे. सुरुवात शेमापासून. देव एक आहे हे सांगणारं हिब्रूतलं हे सहा शब्दांचं वचन धर्मनिष्ठ ज्यू रोज सकाळ-संध्याकाळ म्हणतो. ते म्हणताना डोक्यातलं सगळं बाजूला सारा. एवढंच करा, आणि काही वर्षं करा. ते जमलं की तोरा हा मूळ धर्मग्रंथ वाचताना, ऐकताना तसंच. घर-प्रपंचाचे, पैशाअडक्याचे विचार करायला वेळ हवा ना? तो आहे: जेवताना, हमामात, बायकोशी आणि लहान मुलांशी बोलताना करा. पण अंथरुणावर एकटे जागे असाल, तर ती वेळ फार मोलाची. ती दुसऱ्या कशावर उधळू नका.

आता पुन्हा त्या खोलीकडे बघा. उताणे पडून, आवाज बसलेला असताना औषध सांगणारा हा माणूस. त्याला अंथरुणावरचा तो एकटेपणा कधी मिळत असेल? या प्रकरणात त्यांनी अब्राहाम, इसहाक, याकोब आणि मोशे यांच्याविषयी लिहिलंय की ते गुरं राखत, शेतं सांभाळत, माणसांत वावरत आणि तरीही मन देवापाशीच असे. आणि लगेच पुढे कबुली दिलीय की या पायरीपर्यंत दुसऱ्याला नेण्याची आपली योग्यता नाही. मला त्या ग्रंथातलं हे सगळ्यात प्रामाणिक ठिकाण वाटतं. सबंध युरोप आणि अरबस्तान ज्यांच्या बुद्धीपुढे झुकणार होतं, ते म्हणतायत की भर गर्दीत देवाजवळ राहण्याची कला मला ठाऊक आहे, पण ती शिकवण्याइतका मी तिच्यात मुरलेलो नाही. आणि तरीही रोज गर्दीतच बसतायत.

रात्र झालीय. माणसं पांगलीत. तुम्ही निघण्याआधी या घरातल्या एका दुःखाविषयी ऐकून घ्या, कारण त्याचा धागा थेट आपल्या समुद्रापर्यंत येतो.

फुस्तातच्या ज्यू व्यापाऱ्यांचा हिंदुस्तानशी मोठा व्यापार होता. इथल्या बेन एझ्रा सिनेगॉगच्या एका कोंदट खोलीत जुने कागद टाकून देण्याची पद्धत होती, कारण ज्यावर देवाचं नाव असू शकतं तो कागद फाडायचा नाही. शेकडो वर्षांनी त्या ढिगातून मिरी, लोखंड, पितळेची भांडी, मलबारचे दर अशा मजकुराची पत्रं निघाली. त्यात एक पत्र रामबामच्या धाकट्या भावाचं, दावीदचं. वाळवंट तुडवून तो तांबड्या समुद्राच्या काठच्या ऐधाब बंदरात पोचला. तिथे निळीखेरीज घेण्याजोगं काही मिळालं नाही, म्हणून त्यानं हिंदुस्तानला जायचं ठरवलं आणि घरच्यांनी काळजी करू नये असं लिहिलं. तो परत आला नाही. हिंदी महासागरात बुडाला. घराचा पैसा त्याच्यासोबत गेला; मागे त्याची बायको आणि लहान मुलगी राहिली.

1185 मध्ये रामबामनी एका स्नेह्याला लिहिलं की ती बातमी आली त्या दिवसापासून वर्षभर मी तापानं आणि खिन्नतेनं अंथरुणाला खिळून होतो. आठ वर्षं लोटली तरी दुःख हटत नाही. त्याचं अक्षर दिसलं, त्याचं एखादं पुस्तक हाताला लागलं की काळीज उलटतं. तोरा आणि ज्ञानाचा अभ्यास नसता तर या दुःखात मी संपलो असतो.

देवाविषयी एकही विशेषण वापरू न देणारा माणूस हे लिहितो. जवळीक म्हणजे काय हे त्याला पुस्तकातून शिकावं लागलं असेल, असं मला वाटत नाही.

या शहरात त्याच्या साठ वर्षं आधी आणखी एक जण येऊन गेला होता. स्पेनचा कवी येहुदा हालेवी, 1140 मध्ये, म्हातारपणी जेरुसलेमकडे निघालेला. त्याचा कैरोतला मित्र हाल्फोन बेन नेथानेल हाही हिंदुस्तानचा व्यापारी. हालेवीचं म्हणणं अगदी वेगळं होतं. तत्त्वज्ञाला देव पटतो, पण त्याच्यासाठी कुणी जीव देत नाही; अब्राहामाचा देव मात्र ज्यानं चाखलाय तो त्याच्यासाठी सगळं सोडतो. तर्कानं पोचायचं की चाखून, हा वाद याच गल्ल्यांत दोन्ही बाजूंनी जगून झालाय.

आता उत्तरेकडे चला, साडेपाचशे वर्षं पुढे. वाटेत 1570 च्या सुमारास गालीलच्या डोंगरावर सफेद गावात क्षणभर थांबा. शुक्रवारी सूर्य कलताना पांढऱ्या कपड्यांतली माणसं शेतात जाऊन शब्बाथला नवरीसारखी सामोरी जातायत. मोशे कॉर्दोव्हेरो इथलेच, इसहाक लुरिया नुकतेच आलेत. ते 1572 मध्ये, वयाच्या 38 व्या वर्षी जातील. त्यांची शिकवण अशी की सृष्टीत जागोजागी देवाच्या प्रकाशाच्या ठिणग्या अडकून पडल्यात आणि माणसानं त्या सोडवायच्या आहेत. ही एक कल्पना बरोबर घ्या. पुढच्या गावी ती लागेल.

मेझिबिझ. पोलंडच्या राज्यातला पोदोलिया प्रांत, आजचं युक्रेन. 1750 नंतरचं एक साल, रोश हशाना, ज्यूंचा नववर्षाचा दिवस. बूग नदीच्या काठी किल्ला आहे, पाऊस नुकताच थांबलाय आणि लाकडी सिनेगॉगच्या आत मेणबत्त्यांचा धूर, ओल्या लोकरीचा वास. पांढरे अंगरखे घातलेले पुरुष दाटीवाटीनं उभे आहेत आणि डोलतायत. पुढेमागे, जोरात, अंगात वारं भरल्यासारखे. कुणी रडतंय. कुणी टाळ्या वाजवतंय. लिथुएनियाचा एखादा शिस्तीचा पंडित इथे आला तर कपाळाला आठ्या घालील.

पुढे उभे आहेत ते इस्राएल बेन एलीएझर, बाल शेम तोव. पोलिश जमीनदाराच्या करांच्या याद्यांत या गावात त्यांची नोंद आहे: समाजाच्या मालकीच्या घरात राहणारे, कर माफ, पुढे शेरा, कधी कबालाचा, म्हणजे ज्यू गूढविद्येचा जाणकार, कधी वैद्य. देवाची पवित्र नावं लिहून ताईत देणारे, आजाऱ्याला बरं करणारे असे पुष्कळ लोक त्या काळी होते. म्हणजे इथेही दाराशी रोगी आहेत. फुस्तातचा वैद्य जुन्या ग्रीक वैद्य गॅलेनचे ग्रंथ वाचून औषध देत होता, ताइतांवर त्याचा विश्वास नव्हता. हा वैद्य ताईत बांधतो. दोघांना एका खोलीत बसवलं असतं तर त्या मुद्द्यावर रामबामनी ऐकून घेतलं नसतं.

शोफार फुंकण्याची वेळ आलीय. मेंढ्याच्या शिंगाचा तो आवाज ऐकायला सगळे थांबलेत आणि बाल शेम तोव एक दृष्टान्त सांगतायत. तुम्ही कान द्या, तुम्हाला तो ओळखीचा वाटेल.

एका राजानं राजवाड्याभोवती भिंती, बुरूज आणि दरवाजे उभे केले. आपल्याकडे याच दरवाजांतून यायचं असं फर्मान काढलं आणि प्रत्येक दरवाजाशी खजिना वाटायला ठेवला. कुणी पहिल्या दारात धन घेऊन परत गेला, कुणी दुसऱ्या. राजाचा मुलगा मात्र म्हणाला की मला बापालाच भेटायचंय. त्यानं जिवाचं रान केलं, आणि मग त्याला दिसलं की भिंत नाहीच. बुरूज नाहीत, दारं नाहीत. ती सगळी राजानं रचलेली माया होती. राजा आणि मुलगा यांच्या मध्ये काहीही नव्हतं.

राजवाडा तोच, पण भिंत नाही. रामबामना दरवाजा शोधायला आयुष्यभराची विद्या लागते. इथे मेंढरं राखणारा, गाड्या हाकणारा, कधी न शिकलेला माणूस भिंतीतून आरपार जाऊ शकतो, कारण ती नाही हे त्याला कळतं. देव नाही अशी जागाच नाही, ही या शिकवणीची पहिली आणि शेवटची ओळ. पोदोलियाच्या त्या गरीब गावांना हे कसं वाटलं असेल? शंभर वर्षांपूर्वी ख्मेलनित्स्कीच्या उठावात इथली ज्यू वस्ती कापली गेली होती. पाठोपाठ शब्बताई झ्वी नावाच्या खोट्या तारणहारानं सगळ्यांना नादी लावलं आणि 1666 मध्ये धर्म बदलून टाकला. विद्वानांचा देव फार दूर गेला होता. त्यांना कुणीतरी सांगितलं की तो दूर नाही.

मग प्रार्थनेत मन भटकलं तर? रामबाम म्हणतात, रिकामं करा. बाल शेम तोव उलटं सांगतात: नको तो विचार आला तर त्याला हाकलू नका. त्या विचाराच्या पोटात सफेदच्या त्या ठिणग्यांपैकी एक ठिणगी आहे, तिला वर जायचंय म्हणून ती तुमच्या दारात आलीय. एखाद्या स्त्रीचं रूप आठवलं तर ते सौंदर्य कुठून आलं त्याच्याकडे वळा. भीती वाटली तर खऱ्या भयाकडे. प्रार्थनेतल्या प्रत्येक अक्षरात जगं आहेत, आत्मे आहेत, देव आहे; अक्षराला बिलगा. हे त्यांनी पॅलेस्टाइनला गेलेल्या आपल्या मेहुण्याला, गेर्शोन कुतोव्हेरला, पत्रात लिहिलं. 1746 च्या रोश हशानाला आपला आत्मा वर चढत मशीहाच्या, म्हणजे येणाऱ्या तारणहाराच्या दालनापर्यंत गेल्याचं त्याच पत्रात आहे. तू कधी येणार, असं त्यांनी विचारलं, तर उत्तर मिळालं की तुझे झरे बाहेर पसरतील तेव्हा.

त्यांच्या मागे अर्ध्या शतकानं छापलेल्या गोष्टींत येतं की ते प्रार्थना करत तेव्हा शेजारच्या पिपांतलं धान्यही थरथरे. गोष्ट म्हणून ऐका. पण समोर उभ्या माणसांच्या खांद्यांकडे पाहा, ते खरोखर थरथरतायत.

भटकत्या विचारांविषयीचं हे म्हणणं मला अवघड वाटतं, आणि ते एकट्या मला नाही. याच परंपरेतले शनेऊर झाल्मन या उपायाविषयी स्वच्छ लिहून गेले की तो संतांचा आहे, तुमच्या-माझ्यासारख्यानं त्याच्या नादी लागू नये. विचार आला तर ऐकला नाही असं करून पुढे म्हणत राहावं. इकडे विल्नाच्या एलियाहूंसारख्या महापंडिताला तर बाल शेम तोव यांच्यापासून सुरू झालेली सगळी चळवळच घातक वाटली. तिच्या अनुयायांवर, हसिदांवर, 1772 मध्ये तिथे बहिष्कार पुकारला गेला. जवळीक इतकी स्वस्त झाली तर विद्येचं काय, ही त्यांची भीती पोकळ नव्हती.

शनेऊर झाल्मन हे या सगळ्या कथेतले मला सर्वांत जवळचे वाटतात. कारण त्यांनी दोन्ही राजवाडे एकत्र आणले. त्यांच्या मार्गाचं नाव खबाद, बुद्धीच्या तीन शक्तींवरून ठेवलेलं. त्यातली तिसरी शक्ती, ज्ञान, म्हणजे कळलेल्या गोष्टीशी मनाला घट्ट बांधून घेणं. प्रार्थनेआधी बसायचं, देवाच्या मोठेपणाचा सांगोपांग विचार करायचा, आणि प्रेम जागं होईपर्यंत तो सोडायचा नाही. त्यांचा तान्या हा ग्रंथ एका बायबलवचनाच्या आधारावर उभा आहे: ही गोष्ट फार जवळची आहे, करता येण्याजोगी आहे. ज्याच्या मनात चांगल्या-वाईटाची झुंज कधीच संपत नाही अशा साधारण माणसासाठी तो लिहिलाय. 1796 मध्ये तो स्लावुता गावी छापून निघाला.

आता शेवटचा प्रवास, दक्षिणेकडे. साल मेझिबिझच्याच आसपासचं, 1750 च्या दशकातलं. आंग्र्यांचा अंमल, अलिबागच्या उत्तरेचं एक गाव, नारळी-पोफळीच्या बागा. शुक्रवारची तिन्हीसांज. दिवसभर करकरणारा तेलाचा घाणा थांबलाय. तेल्यानं बैलाच्या डोळ्यांवरची झापडं काढलीत आणि त्याला गोठ्यात नेऊन वैरण टाकलीय. उद्या घाणा चालणार नाही. आजूबाजूचे या लोकांना म्हणूनच शनिवार तेली म्हणतात.

हे बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. त्यांची आठवण सांगते की पूर्वज नवगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटून आले, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. पोथ्या समुद्रात गेल्या. तोराची गुंडाळी नाही, तालमुद नाही, हिब्रू जवळजवळ विसरलेली. बोलणं मराठी, आडनावं गावांवरून: किहीमकर, दिवेकर, रोहेकर, पेणकर. राहिलं ते एवढंच: शब्बाथ, आठव्या दिवशीची सुंता, खाण्यापिण्याचे काही नियम. आणि शेमा. सुंता असो, लग्न असो, मयत असो, मंत्र म्हणून त्यांच्याकडे तेच सहा शब्द होते.

तेल्याच्या ओटीवर तुम्ही बसता. घरात नव्यानं आलेलं बाळ आहे, आज त्याचा आठवा दिवस झाला. म्हातारा शेमा म्हणतो. प्रत्येक शब्दाचा अर्थ त्याला फोड करून सांगता येणार नाही, पण देव एक आहे हे त्यात म्हटलंय हे घरातल्या प्रत्येकाला माहीत आहे. बाकीचे त्याच्या मागोमाग म्हणतात.

रामबामना हिंदुस्तानातल्या ज्यूंविषयी ऐकून माहिती होती. फ्रान्सच्या लुनेल गावच्या विद्वानांना लिहिलेल्या पत्रात त्यांचा उल्लेख येतो: त्यांना तोरा माहीत नाही, धर्मापैकी त्यांच्याकडे शब्बाथ आणि आठव्या दिवशीची सुंता एवढंच आहे. कोकणातले ज्यू की केरळातले, हे पत्रात नाही. पण त्या ओळीत या ओटीचं वर्णन आहे. त्यांच्या राजवाड्याच्या हिशोबानं हा म्हातारा कुठे? नियम पाळणाऱ्या पण न शिकलेल्या लोकांना ते भिंतही न पाहिलेल्यांत धरतात. त्यांच्या ग्रंथाप्रमाणे तो वाटेवर आहे, फार मागे.

मला त्यांचा हा निवाडा मान्य नाही, आणि त्याचा आधार त्यांनीच दिलाय. देवाजवळ राहण्याच्या अभ्यासाची पहिली पायरी म्हणून त्यांनी शेमाच ठेवला. तो मन लावून, वर्षानुवर्षं म्हणा असं सांगितलं. बाकी सगळं समुद्रात गेल्यावर या लोकांनी तीच पायरी धरून ठेवली, गुरू नसताना, ग्रंथ नसताना, पिढ्यांमागून पिढ्या. चौदा खंड वाचलेला माणूस ती वगळून पुढे गेला तर तो चकराच मारतोय. तेली भिंतीपर्यंत गेला नसेल, पण त्याचं तोंड बरोबर दिशेला आहे आणि पाऊल बरोबर ठिकाणी.

पुढचं सगळं त्यांना मिळालं. कोचीनच्या ज्यूंनी प्रार्थना शिकवल्या, हिब्रू परत आली. तान्या छापला गेला त्याच 1796 सालात मुंबईला मांडवीत सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी बेने इस्राएलांचं पहिलं सिनेगॉग बांधलं. कंपनीच्या फौजेतले हे शिपाईगडी टिपूच्या कैदेतून सुटून आले होते. सिनेगॉगचं नाव शाआर हारहमीम, दयेचं दार. लोक त्याला आपल्या बोलीत मशीद म्हणत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला अब्राहाम आणि मोशे यांच्या कथांवर मराठीत कीर्तनंही झाली. 1948 नंतर बहुतेक कुटुंबं इस्राएलला गेली. तिथे मायबोली नावाचं मराठी नियतकालिक निघालं.

अलिबागला समुद्रासाठी पुष्कळ जण जातात. पुढच्या वेळी गेलात तर थोडा वेळ काढून गावातल्या इस्राएल आळीत जा. तिथे मागेन अबोथ सिनेगॉग उभं आहे. शनिवारी जाऊ नका, तो त्यांचा विसाव्याचा दिवस. इतर दिवशी परवानगी मागून, डोकं झाकून आत जा, आणि जे दाखवायला येतील त्यांच्याशी मराठीतच बोला.